ऑनलाइन कॅसिनोच्या खेळांना बॉट आणि हॅकिंगचा धोका खरोखर किती?

सिंदफणा (माजलगाव, जि. बीड) यांचा प्रश्न

नमस्कार. माजलगावात गेली नऊ वर्षे मी सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे अर्ज ही माझी रोजची कामे आहेत. परंतु अलीकडे "ताई, एवढा मोबाइल बघा" म्हणत जी मुले येतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची अडचण ऑनलाइन जुगारातून निर्माण झालेली असते.

मागच्या आठवड्यात धारूरकडच्या एका वस्तीवरचा एकवीस वर्षांचा मुलगा आला होता. घरचे सर्व जण ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून मिळालेल्या उचलीपैकी 18 हजार रुपये त्याने अशा खेळात घालवले, ज्यात पडद्यावर विमान वर चढत जाते, त्याबरोबर रकमेची पट वाढत जाते आणि विमान कोणत्याही क्षणी नाहीसे होते. पुढे टेलिग्रामवरील कोणा अनोळखी माणसाने "विमान केव्हा उडून जाईल हे आधीच सांगणारे ॲप" त्याला 1,500 रुपयांना विकले. तेही काही कामाचे निघाले नाही. आता या मुलाचे म्हणणे असे की खेळ कोणीतरी हॅक केला होता, आणि त्याचा मित्र म्हणतो की खेळात माणसे नव्हतीच, सगळे बॉट (माणसाच्या जागी आपोआप खेळणारे संगणक प्रोग्राम) होते.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे: बॉटमुळे अशा खेळांचा निकाल बदलू शकतो का, बाहेरचा हॅकर आत शिरून आकडे फिरवू शकतो का, आणि "प्रमाणित" असा शिक्का दाखवणाऱ्या ॲपवर त्या बाबतीत किती विश्वास ठेवावा? खेळू नये, हे मला ठाऊक आहे आणि मी ते रोज सांगते. कृपया तेवढ्यावर उत्तर संपवू नये.

उदगीरकर (सध्या पुणे)

ताई, मी सॉफ्टवेअर चाचणीचे काम करतो. जुगाराच्या कंपनीत कधी नव्हतो, पण यादृच्छिक (रँडम) आकड्यांशी माझा बराच संबंध येतो. आपल्या प्रश्नात दोन प्रकारचे खेळ एकत्र आले आहेत आणि ते आधी वेगळे करावे लागतील. रूलेट, स्लॉट किंवा तो विमानाचा खेळ यांत खेळणारा थेट चालकाविरुद्ध, म्हणजे खेळ चालवणाऱ्या कंपनीविरुद्ध, खेळत असतो. पोकर आणि रमीत खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात, चालक फक्त प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेतो. बॉटचे खरे दुखणे या दुसऱ्या प्रकारात आहे.

पहिल्या प्रकारात कोणी बॉट लावला तर कॅसिनोचे काही बिघडत नाही, उलट त्याचे भलेच होते. युरोपीय रूलेटच्या चाकावर 37 घरे असतात आणि नेमका आकडा लागला तर लावलेल्या रकमेवर 35 पट नफा मिळतो. या दोन आकड्यांतील फरकामुळे दर 100 रुपयांमागे सरासरी 2 रुपये 70 पैसे चालकाकडे राहतात. बॉटने तासाला 10 रुपयांच्या 500 फिरक्या खेळल्या, तर 5,000 रुपये लावले गेले आणि सरासरीने 135 रुपये गेले. माणूस तेवढेच हरायला पूर्ण दिवस घेतो, बॉट ते काम तासाभरात उरकतो. हरल्यावर डाव दुप्पट करत नेणारे बॉटही विकले जातात. त्यांचा हिशोब करून पाहावा: 10 रुपयांपासून सुरुवात केली, तर सलग दहा वेळा हरल्यावर 10,230 रुपये गेलेले असतात आणि अकरावा डाव 10,240 रुपयांचा लावावा लागतो. लाल-काळ्यावर असे सलग दहा वेळा हरण्याचा प्रसंग सरासरी 1,600 फिरक्यांत एकदा येतो, म्हणजे आपला हा बॉट साधारण सव्वातीन तासांत तिथवर पोहोचतो.

बाहेरच्याने निकाल ओळखणे मात्र पूर्णतः अशक्य आहे असे मी म्हणणार नाही, कारण तसे घडलेले आहे. 1999 मध्ये अमेरिकेतील काही सुरक्षातज्ज्ञांनी एका पोकर संकेतस्थळावरील पत्ते पिसण्याची पद्धत तपासली. गंमत म्हणजे, आपला खेळ किती चोख आहे हे लोकांना पटावे म्हणून त्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनी ती पद्धत स्वतःच जाहीर केली होती. 52 पत्ते जितक्या प्रकारे लागू शकतात ती संख्या 68 अंकी आहे. परंतु या सॉफ्टवेअरने पिसण्याची सुरुवात मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले यावरून केली होती, आणि दिवसात मिलिसेकंद असतात फक्त 8 कोटी 64 लाख. सर्व्हरच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवले की शक्यता जेमतेम दोन लाखांवर येत. हातातले दोन पत्ते आणि मधले तीन उघडे पत्ते एवढ्यावरून बाकीचा सगळा जोड संगणक त्याच क्षणी सांगू शकत होता. सॉफ्टवेअर त्यानंतर दुरुस्त करण्यात आले. आजची चांगली प्रणाली असे साधे बीज (ज्यापासून आकडे काढायला सुरुवात होते तो आकडा) वापरत नाही.

आणि एक गोष्ट त्या मुलाला जरूर सांगावी. फोनवर दिसते ते फक्त चित्र असते. निकाल सर्व्हरवर लागतो आणि नंतर विमान उडताना दिसते. त्यामुळे फोनमधील ॲपमध्ये कितीही फेरफार केला, तरी फार तर पडद्यावरचा शिल्लक रकमेचा आकडा बदलेल.

गोदाकाठी (नांदेड)

मी तीन वर्षे पैसे लावून रमी खेळलो आहे आणि किती हरलो हे इथे लिहिण्याची माझी इच्छा नाही. बॉटविषयी मात्र अनुभवाने सांगू शकतो. रात्री दोन वाजता समोरचा खेळाडू प्रत्येक पान नेमके तितक्याच सेकंदांत टाकतो, कधी अडखळत नाही, चांगले पान आले म्हणून घाई करत नाही, आणि सकाळी सात वाजता पाहावे तर तो तिथेच बसलेला असतो. तो बॉट होता हे मी सिद्ध करू शकत नाही. तथापि यंत्र चांगले खेळू शकते की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. 2017 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रॅटस या प्रणालीने पिट्सबर्गच्या कॅसिनोत वीस दिवसांत 1,20,000 डाव खेळून चार व्यावसायिक पोकरपटूंना हरवले, आणि 2019 मध्ये त्याच विद्यापीठाची प्लुरिबस ही प्रणाली सहा जणांच्या टेबलावरही जिंकली.

माझ्या मते बॉटपेक्षा मिलीभगत अधिक घातक असते, कारण तिला काहीच अक्कल लागत नाही. सहा जणांच्या टेबलावर तिघे मित्र बसले आणि एकमेकांना फोनवर पत्ते सांगू लागले, की चौथ्याचे पैसे तासाभरात संपतात. मीही एकदा अशा टेबलावर होतो. कोणत्या बाजूला, ते विचारू नये.

इंजिनिअर होऊ घातलेला (छत्रपती संभाजीनगर)

उदगीरकर दादा, "पुढचा निकाल सांगणारे ॲप" ही सरसकट फसवणूक असते असा आपला सूर दिसतो. परंतु 2014 मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस शहराच्या कॅसिनोत रशियन टोळीने हेच केले होते ना? त्यांचा माणूस स्लॉट यंत्राच्या साधारण दोन डझन फिरक्यांचे चित्रण करून सेंट पीटर्सबर्गला पाठवत असे, तिथे गणित होई, आणि कळ दाबण्याच्या क्षणाच्या पाव सेकंद आधी त्याच्या खिशातला फोन थरथरत असे. यंत्राच्या आत हात न घालता त्यांनी ते जिंकले. मग विमानाच्या खेळात तसे का होऊ शकत नाही?

उदगीरकर (सध्या पुणे)

अतिशय योग्य आक्षेप आहे, आणि घटनाही आपण बरोबर सांगितली आहे. ती यंत्रे जुनी होती आणि आकडे काढण्याची त्यांची पद्धत त्या टोळीने एक यंत्र उलगडून आधीच समजून घेतली होती. अशा पद्धतींना आम्ही छद्म-यादृच्छिक म्हणतो; त्या एका सूत्रावर चालतात, आणि सूत्र ठाऊक असेल तर मागचे पुरेसे आकडे पाहून पुढचे काढता येतात. मर्सेन ट्विस्टर नावाची पद्धत जगभरच्या संगणक भाषांत वापरली जाते, पण तिचे 32 बिटांचे सलग 624 आकडे हाती आले की पुढचा प्रत्येक आकडा सांगता येतो. जुगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी ती वापरली असेल, तर तो निष्काळजीपणा होय.

विमानाच्या खेळाचे नामांकित प्रकार वेगळ्या रीतीने बांधलेले असतात. फेरी सुरू होण्यापूर्वी चालक एक गुप्त बीज ठरवतो आणि त्याचा एसएचए-256 पद्धतीचा हॅश, म्हणजे त्या बीजावरून सूत्राने काढलेला सांकेतिक ठसा, जाहीर करतो. हे एखाद्या लिलावात बंद पाकीट आधीच टेबलावर ठेवण्यासारखे आहे: पाकिटात काय आहे ते दिसत नाही, पण नंतर उघडल्यावर चिठ्ठी बदललेली नाही याची खात्री करता येते. काही खेळांत खेळाडूंकडून आलेले बीजही त्यात मिसळले जाते, म्हणजे चालकालाही निकाल एकट्याने ठरवता येत नाही. हॅशवरून बीज उलटे काढायचे, तर जितक्या शक्यता तपासाव्या लागतील ती संख्या 78 अंकी आहे. हे ज्याला जमते, तो माणूस टेलिग्रामवर 1,500 रुपयांना ॲप विकत बसणार नाही.

तरीही या व्यवस्थेतून सिद्ध काय होते, तेही नीट समजून घ्यावे. डाव लावल्यानंतर निकाल बदलला गेला नाही, एवढेच. चालकाचा वाटा गणितातच धरलेला असतो, जिंकलेली रक्कम तो देईल याची हमी हॅश देत नाही, आणि हुबेहूब तसेच चित्र दाखवणाऱ्या बनावट संकेतस्थळावर मुळात हॅश तपासतो कोण? प्रमाणपत्राबद्दलही हेच लागू होते. जीएलआय किंवा ई-कोग्रा यांसारख्या संस्था आकडे काढणारे यंत्र आणि त्याचा कोड खरोखर तपासतात, पण ते प्रमाणपत्र ठरावीक खेळाच्या ठरावीक आवृत्तीपुरते असते. शिक्क्याचे चित्र उचलून आपल्या पानावर डकवायला एक मिनिट लागते.

माझा अनुभव असा की प्रणाली बाहेरून फुटते त्यापेक्षा आतून अधिक फुटते. अमेरिकेतील मल्टी-स्टेट लॉटरी असोसिएशनमध्ये माहिती-सुरक्षेचा प्रमुख असलेल्या एडी टिप्टन याने आकडे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असा कोड घातला होता, की वर्षातील ठरावीक तीन तारखांना निकाल त्याला आधीच ओळखता यावा. 2010 च्या डिसेंबरमधील हॉट लोटो या लॉटरीचे तिकीट त्याने स्वतः घेतले, तेही दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसत असताना, आणि 2017 मध्ये त्याला जास्तीत जास्त 25 वर्षांची शिक्षा झाली. राखणदारच चोर होता. पोकरमध्येही 2007 आणि 2008 मध्ये दोन मोठ्या संकेतस्थळांवर असे उघडकीस आले की काही खात्यांना समोरच्यांचे झाकलेले पत्ते दिसत होते. त्यातील एका प्रकरणात हरलेल्या खेळाडूने स्वतःच्या डावांची नोंद मागितली आणि चुकून त्याला सर्वांचे पत्ते असलेली फाइल मिळाली, म्हणून बिंग फुटले. कोणत्याही हॅकरची त्यात गरज नव्हती.

निवृत्त रोखपाल (परभणी)

या चर्चेत वयाने मीच मोठा असेन, म्हणून थोडे जुने सांगतो. आमच्या कापसाच्या मुलखात मटक्याचा मूळ आकडा कापसावरूनच निघाला होता, हे आता फारसे कोणाला आठवत नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईला येत आणि त्यांवर पैसे लागत. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथलेच. खेळवणाऱ्याने स्वतः काढलेल्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून आकडा अशा ठिकाणाहून घ्यायचा की जिथे त्याचा हात पोहोचत नाही. 1961 च्या सुमारास न्यूयॉर्कचे भाव येणे थांबले आणि मग मडक्यातून चिठ्ठ्या, पुढे पत्ते काढणे सुरू झाले. तेव्हापासून मडके ज्याच्या हातात, आकडा त्याचा. उदगीरकरांचा हॅश म्हणजे न्यूयॉर्कचा भाव परत आणण्याचा प्रयत्न आहे, असे मला वाचताना वाटले.

आता माझ्या कामाचे. ताई, त्या मुलाने विकत घेतलेले ॲप प्ले स्टोअरवरून आले नसून एपीके फाइल म्हणून आले असेल, तर खेळ हॅक झाला की नाही यापेक्षा त्याचा फोन हॅक झाला आहे की नाही, हे आधी पाहावे. अशी ॲप्स बसवताना एसएमएस वाचण्याची आणि ॲक्सेसिबिलिटीची (पडद्यावरचे वाचण्याची आणि फोन परस्पर चालवण्याची) परवानगी मागतात. ती दिली की बँकेचा ओटीपी मालकाच्या आधी चोर वाचतो. तोच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरण्याची सवय हाही मोठा धोका आहे. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील ड्राफ्टकिंग्ज या पैजेच्या कंपनीची सुमारे 68 हजार खाती इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून उघडली गेली. हे काम बॉटच करतात: हजारो पासवर्ड एकामागून एक लावून पाहणे. बॉट खेळाला नसला, तरी खात्याला असा नडतो.

दुसरी गोष्ट, पैसे कोणत्या खात्यात गेले ते पाहावे. बेकायदा खेळवणाऱ्यांना स्वतःच्या नावावर खाते ठेवता येत नाही, म्हणून ते विद्यार्थ्यांची, बेरोजगार मुलांची खाती महिन्याला काही हजार रुपयांवर भाड्याने घेतात. माझ्या शेवटच्या शाखेत असा एक मुलगा येत असे. त्याच्या खात्यात एका दिवसात लाखो रुपये येऊन संध्याकाळपर्यंत शून्य होत. खाते गोठवले गेले तेव्हा तो रडत होता, कारण त्याच खात्यात त्याची शिष्यवृत्तीही अडकली होती.

एक वकील (खंडपीठ, छत्रपती संभाजीनगर)

तांत्रिक बाजू इतरांनी मांडली आहे, म्हणून कायद्यापुरते लिहितो. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला आणि 22 ऑगस्ट रोजी त्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. त्यात पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. केवळ खेळणाऱ्यास त्यात शिक्षा नाही. म्हणून तक्रार करायला जाताना त्या मुलाने घाबरण्याचे कारण नाही. आपल्या राज्याचा 1976 चा कॅसिनोविषयक कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द झाला, त्यामुळे "महाराष्ट्रात परवाना आहे" असे कोणी म्हटले तर ते खोटे समजावे.

हरलेले 18 हजार दिवाणी दाव्याने परत मिळतील, अशी आशा मात्र धरू नये. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार निरर्थक असतो. याचीच दुसरी बाजू अशी की खेळात खरोखर बॉट होते किंवा आकडे फिरवले गेले हे उद्या सिद्ध झाले, तरी पैजेच्या जोरावर जिंकलेली रक्कम वसूल करता येत नाही. सुरक्षिततेची चर्चा म्हणूनच मला काहीशी अपुरी वाटते: परदेशी परवाना असलेल्या कॅसिनोत खेळाडू निदान परवाना देणाऱ्या मंडळाकडे दाद मागू शकतो, इथे त्या ॲपमागे कोण आहे हेच माहीत नसते. 1,500 रुपयांचे ॲप विकणे ही मात्र सरळ फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 318 तिला लागू होऊ शकते, आणि ती तक्रार अवश्य नोंदवावी.

इंजिनिअर होऊ घातलेला (छत्रपती संभाजीनगर)

मोठ्या परवानाधारक कॅसिनोंवरही हल्ले होतात, हे जाता जाता नोंदवतो. 2023 च्या सप्टेंबरमध्ये एमजीएम रिसॉर्ट्सची यंत्रणा कोलमडली तेव्हा हल्लेखोरांनी संगणक मदत कक्षाला फोन करून आपण कर्मचारी असल्याचे भासवले होते. स्लॉट यंत्रे बंद पडली, हॉटेलच्या खोल्यांची कार्डे चालेनात आणि कंपनीने सुमारे दहा कोटी डॉलरचा फटका सांगितला. आकडे कोणी फिरवले नाहीत. दादांचे म्हणणे मला आता पटते.

सिंदफणा (माजलगाव, जि. बीड)

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी लिहिल्याप्रमाणे तो फोन आज मागवून घेतला. ते ॲप एपीके फाइलच होती आणि तिला एसएमएस आणि ॲक्सेसिबिलिटी या दोन्ही परवानग्या दिलेल्या होत्या. मी त्या काढून टाकल्या. फोन पूर्ण पुसून कोरा करावा असे मनात आले, पण त्याआधी विचारून घ्यावे म्हणून थांबले.

निवृत्त रोखपाल (परभणी)

थांबलात ते उत्तम केले. फोन पुसला की पुरावाही जातो. फोनचे इंटरनेट बंद ठेवावे. टेलिग्रामवरील संभाषण, विकणाऱ्याचे खातेनाव, यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक आणि ॲपच्या परवानग्यांचे पान यांची छायाचित्रे दुसऱ्या फोनने काढावीत. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरावी, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा, आणि बँकेचा पासवर्ड व यूपीआय पिन दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदलावा. हे सगळे झाल्यावर फोन कोरा करावा. एपीके फाइल पोलिसांनी मागितली तर देता यावी म्हणून वेगळ्या मेमरी कार्डवर ठेवावी, पण कोणत्याही फोनवर उघडू नये.

सिंदफणा (माजलगाव, जि. बीड)

तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. 1,500 रुपये भरताना यूपीआयवर जे नाव दिसले होते ते एका मुलीचे आहे, आणि टेलिग्रामवर बोलणारा मात्र पुरुष होता. म्हणजे काकांनी सांगितलेला भाड्याच्या खात्याचाच हा प्रकार असावा. तक्रारीत ते नाव लिहिताना हा मुलगा अडून बसला. त्या मुलीला यातले काही ठाऊक नसेल तर तिच्यावर गुन्हा दाखल होईल का, असे तो मला दोनदा विचारून गेला. वकीलसाहेब, सवडीने याचे उत्तर दिलेत तर मी त्याला कळवीन.